दिसणारा टाका

रफूवालीची बैठक शिंप्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली होती. कुणाच्या कोटाला कसर लागो, कुणाच्या शालीला ठिणगीनं भोक पडो, ही त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायची आणि उभ्या धाग्यांत आडवे ओवत भोक बुजवायची. गिऱ्हाईक कापड उजेडात धरायचं, बोटानं चाचपायचं आणि विचारायचं, "कुठं होतं हो ते भोक?" तिचं कौतुक ते एवढंच. जे दिसतच नाही, त्याला वाहवा तरी कशी द्यायची? अशा कामात तिचं तारुण्य गेलं, मग मान गेली, आणि आता डोळे जायला निघाले होते.

तिची नणंद त्याच खोलीत काज-बटणं करायची. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. नवं वर्ष लागलं की ती सुयांची कोरी पुडी फोडायची आणि वर्षाचे बेत सांगायला बसायची.

"यंदा पडद्यांना झालर, पोरीला स्वेटर, आणि टेबलावरचं भरतकाम."

"गेल्या वर्षीही हेच होतं," रफूवाली म्हणाली.

"म्हणून तर तोंडपाठ आहे! नव्याचे नऊ दिवस तरी मी नांदते गं. तुझं आपलं दरवर्षी 'बघू'. यंदा तरी बोल वहिनी."

रफूवालीनं सुई खाली ठेवली. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बारीक काम फार दिवस व्हायचं नाही. ते थांबायच्या आत एक अभ्रा भरायचाय. माझ्या स्वतःच्या उशीचा. बशीएवढं फूल, आणि दारातून आलेल्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नणंदेनं लाल दोऱ्याचं रीळ आणून वहिनीच्या मांडीवर टाकलं.

मग दुपारी जेवणानंतर, बाकीचे पाठ टेकायचे तेव्हा, रफूवाली पांढरा अभ्रा काढून बसू लागली. हात सकाळपासूनच्या कामानं जड झालेले, डोळ्यांना पाणी. पण सुई चालायची, जुनं जनावर रस्त्याकडं न बघता गोठ्याकडं चालतं तशी. एके दिवशी तिनं दोरा तोडला आणि अभ्रा पुढं केला.

"फूल कुठाय?" नणंदेनं विचारलं.

"हे काय."

"अगं, हे कोरं आहे!"

कोरं नव्हतं. उजेडात तिरकं धरलं की पाकळ्या होत्या, पण पांढऱ्यावर पांढऱ्या. सवयीच्या हातानं अभ्र्याच्याच दुमडीतून धागे उपसले होते आणि भोक बुजवावं तसं ते फूल कापडात बुजवून टाकलं होतं. लाल रीळ मांडीवर तसंच.

नणंद पोट धरून हसली. "भोक नसताना रफू! वहिनी, तुझ्यापुढं हात टेकले!" मग तिचं लक्ष वहिनीच्या चेहऱ्याकडं गेलं, आणि हसू तिथंच विरलं. रफूवाली रडत नव्हती. डोळे मिटून नुसती बसली होती, ओझं उतरवायला जागा न मिळालेल्या माणसासारखी.

"तुझा हात लाजतो," नणंद हळू म्हणाली. तिनं स्वतः सुईत लाल दोरा ओवून दिला. "घे. आणि बोटभर लांब काढ टाका."

"एवढा लांब? मला नाही गं जमायचं."

"एवढाच. कुणाचा बाप विचारतोय!"

सुई खाली गेली आणि बोटभर अंतरावर वर आली. रफूवालीला चारचौघांत मोठ्यानं बोलल्यासारखं झालं, कानशिलं तापली. शेजारी दुसरा टाका पडला, मग तिसरा. वेडेवाकडे, पण लाल.

ती पाकळी भरत आली तेव्हा दुकानाचे मास्तर दारात उभे राहिले. आत न येताच म्हणाले, "ते लाल काय आहे?"

नणंदेनं तोंड उघडलं होतं. रफूवालीनं तिच्या हातावर हात ठेवला.

"माझं आहे, मास्तर."

"बरं," म्हणत मास्तर गेले.

पाकळी एकच झाली होती, तीही तिरकी. बाकीच्या पाकळ्यांसाठी अजून वर्ष पडलं होतं. डोळे किती पुरतील ते ठाऊक नव्हतं. तिनं सुई अभ्र्यातच टोचली आणि भिंतीला डोकं टेकलं.