बिनडब्याची उडी

मामाच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर माझी मामेबहीण सोनाली उभी होती. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून ती गेले काही दिवस पोहायला शिकत होती. आज डबा सोडून पहिली उडी मारायची होती. खाली पाण्यात मामा हात पसरून तयार.

"सोने, मागे हो!" माझी आई, म्हणजे तिची आत्या, ओरडली. "दहावी झाली तुझी. कॉलेजात जाणारी पोरगी विहिरीत उड्या मारते का?"

"कॉलेज जूनमध्ये आहे गं आत्या. अजून मे चाललाय!"

काय बोलली पोरगी! शाळा सुटलेली आणि कॉलेज लागलेलं नाही, अशी सुट्टी आयुष्यात एकदाच मिळते. ती कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून सगळे तिच्यावर टपलेले. मुलाला अकरावीच्या क्लासला डांबा, मुलीला पोळ्या लाटायला बसवा. का म्हणून? एवढे दिवस तरी त्यांचे त्यांना द्या की! भीती वाटत असतानाही उडी मारायची, हे कुठला क्लास शिकवणार आहे?

धप्प! पाणी काठापर्यंत उडालं. सोनाली दिसेना. मग डोकं वर आलं, हात वेडेवाकडे हलू लागले.

आणि आई पदर खोचून थेट काठावर.

"घाबरू नको! पाय मार, पाय! मान वर ठेव!"

आईला पोहता येतं, हे मला आज कळलं.