आईची उधारी आणि माझं कार्ड

मंडळी, आज सकाळी बँकेचा फोन आला. जुन्या कार्डाची थकबाकी आमच्या नव्या कार्डावर आणा, सहा महिने व्याज नाही! मी हुरळलो.

शेजारी भाजी निवडणारी आई हसली. सत्तरच्या दशकात आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहायचो, तिथलं सांगू लागली.

"नव्या किराणावाल्यानं माही जुन्या दुकानातली उधारी फेडली, आन खातं आपल्याकडं घेतलं."

"मग?"

"खातं मिटलं म्हणून जुन्यानं हातावर गूळ ठेवला. मले इतका आनंद झाला, का त्याच्याचकडून तुपाचा डबा उधार आणला! आता दोन्हीकडं उधारी. तुह्या बाबाले तं हसता हसता ठसका लागला!"

थकबाकी मी हलवतोय. पण जुनं कार्ड आईनं तिखटाच्या डब्यात खुपसलंय. म्हणते, "घे आता गूळ!"

तुमचं कुठल्या डब्यात आहे?