सुमनचा पासपोर्ट अजून चालू आहे

माफ करा, फार उशिरा लिहितोय.

माझी बायको सुमन गेली. तिचा पासपोर्ट मात्र अजून व्हॅलिड आहे.

आज वर्षश्राद्ध झालं. दुपारी कपाट उघडलं, तर आमचे दोघांचे पासपोर्ट एकमेकांना टेकून उभे.

माझा जुना, मस्कतला फिटर म्हणून गेलो तेव्हाचा. नाव शाईने लिहिलेलं, फोटो गोंदाने डकवलेला. सातवी शिकलेला, म्हणून परदेशी कामाला वेगळी परवानगी लागेल असा शिक्का. मुलीचं, मेधाचं नावही त्यातच. तेव्हा लेकरं आईबापाच्या पासपोर्टात मावायची.

सुमनचा छापील.

मेधा आता मेलबर्नला असते. तिच्या नव्यात चिप आहे म्हणे. "बाबा, आता मशीनच माणूस ओळखतं."

सुमनच्या वेळी पासपोर्ट ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं होतं, "आजी, मिस्टरांचं नाव?"

जन्मात तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. अहो, नाहीतर मेधाचे बाबा.

मी मागून सांगायला गेलो.

"तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या."

सुमननं पदर सारखा केला.

"पासपोर्टावर बसू दे शिक्का सरकारी,
विठ्ठलरावांचं नाव घेते, जाऊ द्या लेकीच्या घरी."

बाई मान वर न करता म्हणाल्या, "नुसतं नाव पुरे होतं. कार्यक्रम नको."

अख्खी लाइन हसली. लगेच फोटो काढला. हसायचं नाही म्हणाले, तरी ओठाच्या कोपऱ्यात थोडं राहिलंच आहे.

आता मेधा म्हणते, पासपोर्ट देऊन रद्द करून घ्या. बरोबरच आहे.

पण मला धसका बसलाय.

दुपारी डोळा लागला की ती दिसते. लांबच लांब लाइन. काचेतून ऊन. बाहेर विमानं आवाज न करता सरकतायत, ढगांसारखी. तिच्या हातात लाडवांचा डबा. पुढे कुणीतरी नाव विचारतंय.

रद्द केला आणि तिला तिथेच अडवलं तर?

मेधाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला आता व्हिसा लागत नाही."

असेल तसं.

सुमन, सावकाश जा. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. लाजू नकोस.

आणि मित्रांनो, सोमवारी मला पासपोर्ट ऑफिसात जायचंय. रद्द केल्यावर परत देतात ना? भोक पाडतात असं ऐकलं. फोटोवर नाही ना पाडत?

कुणाला माहीत असेल तर लवकर कळवा.