व्हर्लिनच्या गाडीची दारं

व्हर्लिन हॅस्केट स्वतःला गाड्यांचा कारागीर म्हणवतो. कॅन्ससमधल्या आमच्या एवढ्याशा गावात तसं म्हणवायला कुणाची परवानगी लागत नाही, हे गावाचं दुर्दैव. जन्मभर त्यानं गव्हाच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला. शेजारच्या घरात मी, चाळीस वर्षं ठोकलेल्या गाड्या सरळ केलेला माणूस. पण मला काही विचारायला त्याची जीभ रेटेल तर शपथ.

त्याची बायको ओपल माहेराहून येताना वडिलांची उघडी, बिनछपराची फोर्ड गाडी घेऊन आली होती, बत्तीस सालची. या गृहस्थानं दुसऱ्याच वर्षी ती देऊन ट्रॅक्टर आणला. ओपलनं आदळआपट केली नाही. नुसती दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, जुन्या गाड्यांची मिरवणूक दारावरून जाताना, ती रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बघत बसायची. शेवटी सत्तरी उलटल्यावर पठ्ठ्यानं जाहीर केलं, "ओपल, यंदा मिरवणुकीत तू तुझ्या गाडीत बसणार!"

तशीच नवी पोलादी बॉडी सुट्या भागांत आली: तळ, बाजूचे पत्रे, पाठ, दोन दारं. असे भाग आधी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बोल्टांनी बसवायचे, दारं टांगायची, फटी सारख्या करायच्या, आणि मगच वेल्डिंगला हात घालायचा. शेंबड्या पोरालाही कळतं हे. व्हर्लिननं भाग सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर रचले, दारं गवत कापायच्या यंत्राला टेकवून ठेवली आणि एका शनिवारात सगळं वेल्ड करून मोकळा झाला.

"अरे, दारं टांग आधी!" मी कुंपणावरून ओरडलो.

"तू रिटायर झालायस ना, गेलर्ड? मग कॉफी पी गुमान."

बॉडी चासीवर चढवल्यावर दारांनी रंग दाखवला. डाव्या दाराच्या वरच्या फटीत बोट जाई, खाली नखसुद्धा जाईना. उजवं तर लागायचंच नाही. मग साहेब माझ्याकडे आले, टोपी हातात घेऊन.

"काप सगळं आणि पुन्हा जोड," मी म्हणालो.

"तीन आठवड्यांत? त्यापेक्षा दारंच वेल्ड करून टाकतो. जुने लोक शर्यतीच्या गाड्यांना करायचेच की. लोकांना वाटेल, मुद्दामच केलंय."

स्वतःचा गाढवपणा झाकायला याला बरे जुने लोक आठवले! मी पोट धरून हसलो आणि तरी गेलो. जोड घासतात कसा, हे त्याला एकदा दाखवायची खुमखुमी होती मला. तीन दिवस घासत बसलो. नख फिरवलं तरी अडकणार नाही, असा पत्रा केला.

चार जुलैला सकाळी ओपल बाहेर आली. निळा झगा, आईची कर्णफुलं, हातात काठी. मार्चमध्ये तिचा खुब्याचा सांधा बदलला होता. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं ते, मलाही.

"दार कुठंय, व्हर्लिन?"

"दार नसतंच गं यात! चाकावर पाय दे आणि टाक टांग आत."

ओपल पत्र्यावरून बोटं फिरवत फट शोधत राहिली. मग म्हणाली, "इतकं सफाईनं कुणी केलं?"

व्हर्लिननं मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"छान केलंस, गेलर्ड," ती म्हणाली. "इथं दार होतं हे कळतसुद्धा नाही. आता माझी खुर्ची आणून दे, रस्त्याच्या कडेला टाक."

मी आणून दिली.