पुण्याची सून आणि चोरखमाऱ्याची मोटार

छप्पन-सत्तावन साल असावं. लग्नाला तीन महिने झाले होते. सासऱ्यांनी पुण्यात माझ्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती आणि आमगाव सोडायच्या नुसत्या कल्पनेनं माझं डोकं भणभणत होतं. सुमन म्हणाली, "आधी तुमचा मुलूख तर दाखवा. मग काय ते ठरवू." म्हटलं, दाखवतोच.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं गोंदिया गाठलं, तिथून मोटार. बसला आम्ही मोटारच म्हणायचो. आधी नागऱ्याला उतरून महादेवाचं जुनं देऊळ पाहिलं. सुमननं दगडी खांबांवरून हात फिरवला. पुढच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीच्या आगेमागे जा. धान पिवळं पडलेलं असतं, तलाव भरलेला असतो. जेवण मात्र घरून न्या.

चोरखमाऱ्याला आम्हाला सोडून मोटार तिरोड्याला गेली, परतताना घेणार होती. आम्ही तलावाच्या बांधावर डबा सोडला. समोर थेट डोंगरापर्यंत पाणी. हे सगळं माणसांनी अडवलेलं, यावरच आपली शेतं पिकतात, हे मी तिला चारदा सांगितलं. अभिमान लपवायचा कशाला?

डबा रिकामा करून मी हात धुवायला खाली उतरलो, तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी तिला म्हणाला, "बाई, मोटार येऊन राहिली."

सुमनला वाटलं, मोटार येऊन उभी राहिली. डबा तिथंच टाकून ती धावत सुटली, मागून मी. रस्ता रिकामा.

"तुमच्याकडे लोक थापा मारतात," ती धापा टाकत म्हणाली.

म्हातारा आमचा डबा घेऊन सावकाश आला. "मी थापा काऊन मारू बाई? येऊनच त राहिली. थो पाहा धुरळा."

आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहे', हे मी सांगितलं तेव्हा ती हसत हसत मैलाच्या दगडावर बसली. डबा जड लागला म्हणून उघडला, तर आत उकडलेले शिंगाडे.

"खाली डब्बा कसा देऊ?" म्हातारा म्हणाला.

वाटभर तिनं शिंगाडे खाल्ले, मला दोनच दिले. नोकरीचं विचारायचा मला धीर होईना. दिवेलागणीला घरी पोचलो.

सकाळी तिनं वडिलांना लिहिलेलं कार्ड टाकायला दिलं. उघडंच कार्ड, वाचलं. "बाबा, ह्यांच्या नोकरीचं राहू द्या. माझी पुस्तकांची ट्रंक तेवढी आमगाव स्टेशनवर पाठवा."

पुढे पुष्कळ हिंडलो, मोठमोठे तलाव पाहिले. पण ते कार्ड पेटीत टाकताना छाती जेवढी फुगली, तेवढी पुन्हा कुठे फुगली नाही.