वहीतून गाळलेल्या ओळी

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. या बाईंनी गोष्ट स्वतःच्या सोयीने फिरवली, असं नंतर कुणी म्हणायला नको.

मी कुंभकोणमची. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इकडचंच झालं. घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ही जी मराठी मी लिहिते आहे ती मोठेपणी पुस्तकं मागवून, वाचून शिकलेली. तोंडातली मराठी वेगळी. जुन्या वळणाची, तमिळ शब्द मिसळलेली. मुलींच्या शाळेत मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे गावात मला नावाने कुणी ओळखत नाही, मी सगळ्यांची ‘टीचर’.

निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका कलारसिकांच्या सभेत जाऊ लागले. पन्नास-साठ माणसं, बहुतेक सगळी पेन्शनीतली. महिन्यातून एकदा कुणाचं गाणं नाहीतर व्याख्यान, आणि ऊन जरा नरमलं की डिसेंबर ते मार्च दर महिन्याला एक सहल. कधी मूर्तिकारांकडे, कधी एखाद्या आडगावच्या देवळात भित्तिचित्रं बघायला, कधी विणकरांच्या गल्लीत. या सहलींचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. प्रत्येक ठिकाणी मी आधी एकटी बसने जाऊन यायचे. कुणाला भेटायचं, कुठल्या दिवशी जायचं नाही, बायकांची सोय कुठे आहे, बरी कॉफी कुठे मिळते, सगळं वहीत लिहून ठेवायचे. शाळेची सवय, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी हंगामातल्या शेवटच्या सहलीला आमच्याबरोबर पुण्याचे काही पाहुणे आले. गोविंदपुरम्‌ला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे, भजनाची मोठी परंपरा आहे, ते त्यांना पाहायचं होतं. सभेत मराठी येणारी मी एकटी, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. मी आनंदाने सांगत होते. “अंमळ सावलीत उभे राहा,” असं मी म्हटलं, आणि एक बाई हसल्या. म्हणाल्या, “किती गोड बोलता हो, अगदी बखरीतल्यासारखं.” बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, तेव्हाही मला ते कळत होतं. पण त्यानंतर मी बोलले ते प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून. घरी आले तेव्हा जबडा दुखत होता.

आमच्या सभेचे अध्यक्ष तिथेच होते. मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर, चेन्नईला नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेले. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. लोक का हसले, ते त्यांनी इंग्रजीतून विचारून घेतलं आणि जपून ठेवलं.

जूनमध्ये वार्षिक सभा झाली. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी गोविंदपुरम्‌चा किस्सा सांगायला घेतला. नुसता सांगितला नाही, करून दाखवला. माझ्यासारखी मान तिरकी केली, पदर सावरल्यासारखा हात खांद्यावर नेला आणि ‘ळ’ला ‘ळ’ जोडत काहीतरी अर्थहीन बडबड केली. ती माझी मराठी. मग म्हणाले, “आपल्या टीचरचं बोलणं त्यांच्या स्वतःच्या माणसांनाही कळत नाही. आता सहलींना नवा चेहरा हवा.” सगळे हसले. माझ्या शेजारी माझी शेजारीण बसली होती. मृदंगाच्या शिक्षकांची बायको, वीस वर्षांची ओळख. तीही हसली. मग माझ्या मनगटावर हात ठेवून कुजबुजली की ते गंमत करतायत, मनावर घेऊ नकोस.

नवा चेहरा म्हणजे अध्यक्षांची सून. पस्तिशीची असेल, कोइम्बतूरची, लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याच्या बदलीमुळे या घरात राहायला आलेली. ती उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार करून बसली. तिला हे आधी विचारलं असेल असं तिच्या तोंडावरून वाटलं नाही. अध्यक्षांनी मला वही तिच्याकडे द्यायला सांगितलं.

मी म्हटलं, वही फाटली आहे, नवी उतरवून देते.

महिनाभर बसून मी ती उतरवली. सुंदर अक्षरात, लाल शाईने शीर्षकं काढून. त्यात एकही अक्षर खोटं लिहिलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी फक्त गाळलं. प्रत्येक ठिकाणची एक ओळ, ज्या ओळीवाचून बाकी सगळ्याचा काही उपयोग नाही, ती. कुठली ओळ गाळायची हे ठरवताना मला जी मजा आली, तशी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

डिसेंबरची सहल मूर्तिकारांकडे होती. पंचधातूचा रस साच्यात ओततात ते बघायला. अमावास्येला ती माणसं काम करत नाहीत, ही माझी गाळलेली ओळ. सूनबाईंनी नेमकी अमावास्या निवडली, रविवार होता म्हणून. आम्ही चोवीस जण गल्लीत उभे, भट्टी थंड, दाराला कुलूप. अध्यक्षांनी रस्त्यातच मेणाच्या साच्याबद्दल पुस्तकी व्याख्यान दिलं. मी समोरच्या ओट्यावर बसून शेंगा खाल्ल्या. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही.

जानेवारीत नदीकाठच्या एका लहान गावातलं देऊळ. तिथल्या मंडपाच्या छतावर जुनी चित्रं आहेत, रंग अजून ताजे वाटतात. मंडप बंद असतो. किल्ली देवळात नसते, मागच्या गल्लीत हार विकणाऱ्या म्हातारीकडे असते. देवळापासून तिचं घर चाळीस पावलांवर. आम्ही तास-दीड तास पुजाऱ्याची वाट पाहिली. तो आला, म्हणाला किल्ली माझ्याकडे नाही, कुणाकडे आहे ते बघावं लागेल, आणि स्कूटरवर बसून गेला तो परत आलाच नाही. लोक उन्हाने कावले. परत येताना व्हॅनमध्ये अध्यक्ष उभे राहिले आणि सगळ्यांसमोर सुनेला बोलले. एवढं साधं काम जमत नाही, शिकलेली आहेस ना, माझं नाव घालवलंस. ती खिडकीबाहेर बघत होती. मागच्या बाकावरून मला तिचा फक्त कान दिसत होता. तो लालभडक झाला होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर, आधी बरं वाटलं. सभेतली बायामाणसं आपसात म्हणत होती की टीचरच्या वेळी असं कधी झालं नाही, आणि ते माझ्या कानावर पडत होतं. तिचा कान मला घरी गेल्यावर आठवला. मी तो बाजूला सारला. अजून दोन सहली शिल्लक होत्या.

फेब्रुवारीत विणकरांच्या गल्लीत माग बंद होते, कारण त्या आठवड्यात त्यांच्याकडे कुलदेवतेचा उत्सव असतो. या वेळी चोवीसातले अकराच जण आले होते. अध्यक्ष सुनेला बोललेही नाहीत. तिच्या हातातून माझी वही काढून घेतली, पानं चाळली, आणि मांडीवर आपटून परत दिली.

त्यानंतर आठवड्याभरात ती माझ्या घरी आली. दुपारची वेळ. मी कॉफी केली. तिने पेला हातात धरला, प्यायली नाही. म्हणाली की काल ती एकटीच बसने त्या नदीकाठच्या गावात जाऊन आली. गावात विचारत विचारत हारवाल्या म्हातारीपर्यंत पोचली, तिने किल्ली काढून दिली. चित्रं पाहिली. म्हातारी म्हणाली, तुमच्याकडच्या टीचर दर दोन वर्षांनी येतात, किल्ली माझ्याकडूनच नेतात.

“तुम्ही त्या दिवशी तिथेच उभ्या होतात, टीचर,” ती म्हणाली. “दीड तास.”

मी नाकारलं नाही. शाळेत मुलींना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या बाईला एवढं तरी जमायला हवं. मी म्हटलं, “ते तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या सासऱ्यांसाठी होतं.”

“त्यांना काही झालं नाही. ऐकून मी घेतलं.”

मी तिला जूनच्या सभेबद्दल सांगू लागले. ती म्हणाली, मी तिथे होते, मी हसले नव्हते. मला ते आठवत नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, सासऱ्यांना सांगणार का? तिने नाही म्हणून मान हलवली. सांगितलं तर म्हणतील, एका म्हातारीने तुला फसवलं, तेवढीही अक्कल नाही. ते तिला नको होतं. मार्चची सहल गोविंदपुरम्‌ची होती, पुन्हा पुण्याचे पाहुणे, या वेळी जास्त. ती म्हणाली की त्या आठवड्यात ती आईकडे कोइम्बतूरला जाणार आहे, तिकीट काढून झालं आहे, आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग तिने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि उठली. कॉफी तशीच राहिली.

मार्चच्या त्या दिवशी सकाळी साडेसातला अध्यक्षांचा फोन आला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी स्वतः फोन केला नव्हता. पाहुणे लॉजवर तयार होऊन बसले आहेत, सून अचानक माहेरी गेली, पाहुण्यांत बरीच वयस्कर माणसं आहेत, त्यांना इंग्रजी नीट येत नाही. टीचर, तुम्ही येऊन मराठीत सांगाल का, व्हॅन दारात पाठवतो.

मी स्वयंपाकघरात उभी होते. हातातला चमचा मी ओट्यावर ठेवला, कारण मला हे वाक्य नीट बोलायचं होतं.

“सार, मला बोलता येत नाही,” मी म्हटलं. “माझ्याच माणसांना कळत नाही.”

पलीकडे काही आवाज आला नाही. लाइन तुटली नव्हती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवून दिला असता, पण ठेवला नाही. त्यांनी ठेवावा म्हणून थांबले. बराच वेळ लागला.

पुढचं मला शेजारणीने सांगितलं. अध्यक्षांनी इंग्रजीत पाऊण तास सांगितलं. पाहुणे सभ्यपणे ऐकत राहिले, मग हळूहळू पांगले, आपसात बोलू लागले. बखरीबद्दल बोललेल्या बाई या वेळीही आल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांना विचारलं की मागच्या वेळी ज्या बाईंनी सांगितलं होतं त्या कुठे आहेत, आम्ही मुद्दाम त्यांचं बोलणं ऐकायला आणखी मंडळी घेऊन आलो. शेजारीण म्हणाली की हे त्यांनी इंग्रजीत विचारलं, सगळ्या सभेसमोर, आणि अध्यक्ष कागद चाळत राहिले. शेजारणीने ते दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

जूनच्या वार्षिक सभेत त्यांनी तब्येतीचं कारण सांगून पद सोडलं. त्यांच्या तब्येतीला काही झालेलं नव्हतं. ते रोज सकाळी तळ्याभोवती फिरताना दिसतात. मला पाहिलं की रस्ता ओलांडतात, मीही मुद्दाम त्याच वेळेला फिरायला जाते. सहलींचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी ते घेतलं, पण एक अट घालून: सुनेने माझ्याबरोबर काम करावं. हारवाल्या म्हातारीपर्यंत एकटी पोचलेली बाई या कामाला माझ्याइतकीच योग्य आहे, असं मी उभं राहून म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती सभेला आलीच नव्हती.

मी तिला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही छान बोललात असं मला कळलं, टीचर. पण तुमच्याबरोबर नको.” मी का म्हणून विचारलं नाही. तब्येतीची चौकशी केली, तिनेही माझी केली, आणि आम्ही फोन ठेवला.

त्याचं वाईट वाटतं. अध्यक्षांच्या त्या फोनवर गप्प राहण्याचं मात्र वाटत नाही. अजूनही भाजी चिरताना ते आठवतं आणि सुरी जरा जोरात चालते. पुन्हा तशी वेळ आली तर मी ओळी पुन्हा गाळीन. एवढंच की वही कुणाच्या हातात जाणार आहे, ते आधी बघीन.

या हंगामातली पहिली सहल मागच्या आठवड्यात झाली. भट्टी पेटलेली होती, रस ओतताना सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. सून आली होती, साधी सभासद म्हणून. जाता-येता ती ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसली. मी मागे उभी राहून सगळ्यांना सूचना देत होते, पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तिच्यापर्यंत बाटली पोचवायला मी शेजारणीला पुढे पाठवलं.