पायरी तिसरी

धार-नालछा रस्ता रुंद करायचे ठरले तेव्हा मी एका हिंदी दैनिकाचा धारमधला वार्ताहर होतो. काम सरकार आणि एक खासगी कंपनी भागीदारीत करणार होते. करारात कोणती जोखीम कोणाची याचा तक्ता होता, आणि तो मी नोकरीच्या निमित्ताने वाचला. जमीन मिळायला उशीर झाला तर जोखीम सरकारची. अंदाजापेक्षा कमी गाड्या धावल्या तर कंपनीला टोल घ्यायला जादा वर्षे मिळायची होती. दैवी आपत्ती दोघांत विभागलेली होती. दोन्ही पक्षांच्या सह्या होत्या. देवाची नव्हती.

भूमिपूजनाला माझ्या काकांना बोलावले. रस्त्याकडेच्या नाल्यापाशी महादेवाचे लहान देऊळ आहे, त्याची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. काका आणि काकी देवळामागच्या दोन खोल्यांत राहतात. पूजा आटोपल्यावर काकांनी हातातले पाणी पुसले आणि कंपनीच्या इंजिनिअरला सांगितले, "साहेब, या नाल्यात नळ टाकून भागणार नाही. पूल लागेल. पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं."

इंजिनिअर पेढा खात होता. "पंडितजी, पानी का काम हमारा, आशीर्वाद आपका," तो म्हणाला. मंडळी हसली. मीही हसलो.

बातमी मी चार परिच्छेदांची लिहिली. काकांचे म्हणणे शेवटच्या ओळीत होते. बातमी तळातून कापायची असते, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. त्या दिवशी एका दुकानाची जाहिरात आली आणि शेवटची ओळ मीच कापली. छापून आले ते असे: परिसरातील नागरिकांनी कामाचे स्वागत केले, कोणीही आक्षेप घेतला नाही.

भराव घालून रस्ता देवळाच्या कळसाच्या निम्म्या उंचीपर्यंत वर आला. नाल्यावर दोन सिमेंटचे नळ बसवले. पावसाळ्यात नळांना जेवढे झेपले तेवढे पाणी पलीकडे गेले, बाकीचे परत फिरले आणि काकांच्या खोल्यांत शिरले. काकीचे गुडघे गेलेले. तिला खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी उचलून रस्त्यावर आणले. नवा रस्ता त्या दिवशी फार उपयोगी पडला.

कंपनीने अर्ज केला की असा पाऊस पूर्वी कधी झालाच नव्हता, ही दैवी आपत्ती आहे, सबब कामाला मुदतवाढ मिळावी आणि बांधकामात दोष धरू नये. सुनावणीला काका धोतराच्या फडक्यात जुनी पंचांगे बांधून घेऊन गेले. दर वर्षी पूर येऊन गेला की ते त्या दिवसाच्या समासात दोन-तीन शब्द लिहीत. सुनावणी घेणारा अधिकारी देवासच्या मराठी घरातला, तरुण, नम्र.

"काका, मी घरी मराठी बोलतो," तो म्हणाला, "पण पढना थोडा मुश्किल आहे."

म्हणून मी वाचले. श्रावण वद्य, पाणी पायरी तिसरी. भाद्रपद शुद्ध, पाणी पायरी दुसरी. पुन्हा तिसरी. पुन्हा तिसरी. कंपनीचा वकील तिसऱ्या पंचांगानंतर खिडकीबाहेर पाहू लागला. काकांच्या चेहऱ्यावर पास झाल्याचे समाधान होते.

निकाल लेखी आला आणि त्यात कोठेही तर्क चुकलेला नव्हता. पाणी तेथे नेहमीच येते हे पंचांगांवरून सिद्ध होते, म्हणून आपत्ती दैवी नाही, मुदतवाढ नामंजूर. मात्र ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी कंपनीला वेळेवर कळवले नाही, म्हणून नळांच्या मापाबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. नळ राहतील. आक्षेप नसल्याचा पुरावा म्हणून एक कात्रण जोडलेले होते. ते माझ्या बातमीचे होते.

अशा रीतीने तक्त्यात नसलेला एक रकाना भरला गेला. जोखीम काका-काकींची झाली, कारण ती त्यांना सर्वांत आधी माहीत होती.

काकांनी कात्रण दोनदा वाचले. "तू तिथं होतास ना?"

"होतो."

"मी बोललो होतो ना?"

"बोललात."

"मग?"

"जागा नव्हती, काका."

"पाण्यालाही नव्हती," ते म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "आता कागद घे. मी सांगतो ते लिही. या वेळी काही कापू नकोस."

पत्र मी हिंदीत लिहिले. आगामी पावसाळ्यात देवळाजवळच्या नाल्याला रिवाजाप्रमाणे पूर येईल, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढेल, नळ अपुरे पडून मागच्या घरात शिरेल, घरात एक चालू न शकणारी बाई आहे, तरी आगाऊ कळवण्यात येत आहे. एक प्रत कंपनीला, एक सरकारी कार्यालयाला. आवक कारकुनाने पत्र उलटसुलट करून पाहिले.

"भिया, इसमें शिकायत क्या है? अभी तो कुछ हुआ ही नहीं."

"म्हणूनच आणलंय," काका म्हणाले. "झाल्यावर तुम्ही म्हणता, आधी का नाही सांगितलं."

पोचेचा शिक्का बसेपर्यंत ते टेबलापासून हलले नाहीत.

आठ दिवसांत इंजिनिअर देवळात आला. या वेळी त्याने पायातले बूट काढले.

"पंडितजी, वो चिट्ठी वापस ले लो. हम देख लेंगे."

"मी कशाला मागं घेऊ? पाणी घेणार असेल तर विचारा त्याला."

पुराला जे कधी जमले नव्हते ते शिक्क्याने केले. पूर आल्यावर आता दैवाचे नाव सांगता येणार नव्हते आणि दोष थेट कंपनीवर येणार होता. पावसाळ्याच्या आधी नळ उखडले गेले आणि तेथे चौकोनी मोऱ्यांचा रुंद पूल उभा राहिला. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात या पुलाला ग्रामस्थांसाठी भेट म्हटले होते. पूजेला पुन्हा काकाच होते. इंजिनिअरने या वेळी पेढा आधी त्यांना दिला.

मी बातमी लिहिली. तळातून कापतात म्हणून काकांचे पत्र पहिल्या ओळीत घातले. भेट शेवटी ठेवली, ती कापली गेली.

त्या वर्षी श्रावणात पाणी आले, मोऱ्यांतून निघून गेले. काकी खाटेवर बसून वाती वळत होती, फरशी कोरडी होती. काकांनी पंचांगाच्या समासात लिहिले, पाणी पायरी तिसरी. मग त्यांनी माझ्या बातमीचे कात्रण त्याच पानात ठेवले.

"बरी आहे," ते म्हणाले. "पोचेच्या शिक्क्याचं लिहायचं राहिलं."

मी आता देवासला असतो. दर वर्षी पावसाळ्याआधी काकांचा फोन येतो. पूल आहे तरी ते पत्र देतात आणि पोच घेतात. मजकूर मीच लिहून पाठवतो.